हाउगेनांचे विरजण

मी, मनोरमा टोर्लेफ हाउगेन, माहेरची गोगटे, वय ७१, राहणार म्युनिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर होते का, अशी शंका माझ्या मुलाला येईल. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर माझी भाची ईप्सिता हिला द्यावे. ती दर रविवारी येते आणि आल्यावर घड्याळाकडे बघत नाही.

२. नणंद सोल्वेग हिला काहीही देऊ नये, आणि देत नाही हे तिला टपालाने कळवावे. माझा हात लागला की बिअर नासते, असे तिने माझ्या लग्नाच्या जेवणात सर्वांसमक्ष सांगितले होते.

३. यजमानांची लाकडी पिंपे व हत्यारे गावाला द्यावीत. सासऱ्यांनी नॉर्वेहून येऊन म्युनिकजवळच्या त्या बव्हेरियन गावात ब्रुअरी काढली, तेव्हा गावाने त्यांना 'मासेखाऊ' म्हणून हिणवले. यजमान पिंपे घासत मालक झाले, तरी भट्टी स्वतःच पेटवीत. त्यांचे केस पिकल्यावर कुठे गावाने जत्रेची बिअर त्यांच्याकडून घेतली. तेव्हा हे माझ्यासमोर रडले. गावाची तेवढी लायकी नव्हती.

४. मुलगा पुष्कर याला कायद्याने द्यावाच लागतो तो वाटा, फ्लिश्टटाइल, तेवढाच द्यावा. कायदा आड आला नसता तर तोही दिला नसता. २००४ साली ह्यांना पक्षाघात झाला, तेव्हा मुखत्यारपत्राच्या जोरावर याने ब्रुअरी एका बड्या कंपनीला विकली आणि मला मागाहून सांगितले. कंपनीने ती पाडून फ्लॅट बांधले. हे अंथरुणातून रोज विचारीत, "भट्टी पेटली का रे?" हा हसून म्हणे, "गेनाऊ, पापा, पेटली." मला म्हणाला, "आल्झो, मम्मा, त्यांना कुठे काय कळतंय?" एका नर्सने त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. त्यांना सगळे कळले. नंतर महिन्याभरात ते गेले.

५. राहिले यीस्ट. सासऱ्यांनी नॉर्वेच्या शेतावरून आणलेले. त्याच्याशिवाय हाउगेनांची बिअर होत नाही. कंपनीने ते गटारात ओतले. त्याआधी मी एक बरणी घरी आणली आणि विरजण जपावे तशी फ्रिजमध्ये जगवली. जगात तेवढेच उरले आहे. आता पुष्कर बर्लिनमध्ये आजोबांचा फोटो लावून हाउगेन बिअर काढायला निघाला आहे. लोकांना शब्द देऊन बसला आहे, आणि मला फोन करतो, "मम्मा, ती बरणी नाही मिळाली तर मी संपलो. तुझ्यानंतर तरी मिळेल ना?" मी हो म्हटले आहे.

६. पुष्करला मराठी कळते, वाचता येत नाही. उत्तर तो जर्मनमध्येच देतो. म्हणून ईप्सिताने हे मृत्युपत्र माझ्या तेराव्याला, सगळ्यांची जेवणे झाल्यावर, मोठ्याने वाचावे. त्याआधी काय करायचे ते तिला तोंडी सांगितले आहे.

पुष्कर, शब्द दिल्याप्रमाणे बरणी तुला मिळेल. ईप्सिताने ती उकळत्या पाण्याने धुतली आहे. त्यातले सगळे यीस्ट पिठात मळून तिने आज पाव भाजले. ते तू आत्ताच खाल्लेस.

जर्मन कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. दोघांनी माझ्यादेखत वाचून सह्या केल्या आहेत.

सही: मनोरमा हाउगेन

साक्षीदार:
१. मीनल यशवंत खरे, शेजारीण
२. कुमार दामले, स्नेही

म्युनिक, १४ नोव्हेंबर २००७