मागची सीट झुंबरची

केडगाव, अहिल्यानगर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप भागिरथीमामींना अजिनाथचा साष्टांग नमस्कार.

येथे सर्व ठीक आहे. संस्कृतीचा खोकला थांबला. पहिलीच्या तिच्या बाई समाधानी आहेत. मामांचा गुडघा आता कसा आहे? कोपरगावी पाऊस उघडला असल्यास त्यांनी संध्याकाळी नदीपर्यंत तरी चालावे.

पोळ्याच्या सुमारास आपण फोनवर म्हणाला होतात, "पोरीला बाहेरचं काय लागलंय का बघा. दिवाळीपातूर ती झुंबर गेली न्हाई, तर मी नातीला हिकडंच घेऊन येनार." त्याचे उत्तर राहिले होते. फोनवर बोलू लागलो की संस्कृती कान देऊन ऐकते, म्हणून हे पत्र.

झुंबर गेली.

आपली वृषाली वारल्यावर महिन्याभरात आलेली, संस्कृतीखेरीज कोणाला न दिसणारी ती मुलगी आपल्याला बाधा वाटत होती. मी विज्ञानाचा पदवीधर. मला ती एकट्या पडलेल्या पोरीने मनाने रचलेली मैत्रीण वाटत होती. अंगाऱ्याची गरज पडली नाही. शेजारची सुकन्या तिच्याच वर्गात आली, दोघींची गट्टी जमली, आणि झुंबर आपोआप मागे पडली.

एवढे लिहून मी सही करावयास हवी होती.

मामी, आई गेल्यापासून संस्कृती माझ्याशी आईविषयी एक शब्दही बोलली नव्हती. बोलत असे ती झुंबर. "झुंबर म्हणते, आई पहिली पोळी फुंकून मला द्यायची." "झुंबर म्हणते, बाबा ऑफिसला गेले की आई गाणी मोठ्याने लावायची आणि आम्ही नाचायचो." वृषाली नाचत असे, हे मला ठाऊक नव्हते. मग मीच विचारू लागलो. आधी अधूनमधून, पुढे रोज. भाजी चिरता चिरता विचारीत असे, "आज काय म्हणते झुंबर?"

स्कूटरवर संस्कृती पुढे उभी राहते. मागची सीट झुंबरची. तेथे मी दुधाची पिशवीदेखील ठेवीत नसे. निघताना "दोघी नीट आहात ना?" असे विचारण्याची मला सवय लागली होती, आणि "हो बाबा, दोघी," हे उत्तर परवापर्यंत येत होते.

गेल्या मंगळवारी मी दाराआड कपड्यांच्या घड्या घालीत होतो. मुली जिन्यात खेळत होत्या.

"तुझी झुंबर कुठंय गं?" सुकन्याने विचारले.

"ती नाही येत आता. कधीच गेली."

"खोटारडे. सकाळी गाडीवर तर म्हणालीस, दोघी."

"ते बाबांसाठी. त्यांना सांगू नको हां. नाहीतर ते बाथरूममध्ये नळ सोडून रडतात."

"आमच्यात नळ सोडला तर मम्मी पप्पांनाच रडवते," सुकन्या म्हणाली, आणि दोघी हसत हसत खाली पळाल्या.

माझे रडणे तिला ऐकू जाते, याची मला कल्पना नव्हती. झुंबर नेमकी केव्हा गेली, हेही मला माहीत नाही. त्यामुळे मी ऐकलेल्यांपैकी काही गोष्टी वृषालीच्या असतील, काही या पोरीने बापासाठी रचलेल्या असतील. वृषाली खरोखर नाचत होती का, हे आता विचारायला कोणी उरले नाही.

सहा वर्षांच्या मुलीने बापाची समजूत काढीत राहावे, हे मला मान्य नाही. अट आपण घातली होती. झुंबर संस्कृतीला सोडून गेली असली, तरी या घरातून गेली आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. म्हणून धनत्रयोदशीला, शनिवारी, मी संस्कृतीला आपल्याकडे आणून सोडतो. सुट्टीपुरती नव्हे. पुढचे सत्र तिने तेथील शाळेत करावे. मी दर रविवारी येत जाईन.

तिच्याशी वृषालीविषयी बोलावे. लहानपणी ती कशी होती, कोणाशी भांडायची, काय चोरून खायची, सगळे सांगावे. आईचा विषय निघाला की ही पोर आधी माझ्या तोंडाकडे पाहते, आणि मग काय बोलायचे ते ठरवते. आपल्यापुढे तिला तसे पाहावे लागणार नाही, असे मला वाटते.

वृषालीचा, आणि म्हणूनच आपला,
अजिनाथ