तोंडवलीत लोकरीचे हातमोजे

तोंडवली,
आश्विन वद्य तृतीया, शके १८८३

तीर्थस्वरूप भाई यांस,

गुरुदासाचा साष्टांग नमस्कार. आपण, वहिनी व मुले खुशाल असालच (मुंबईकरांना आजारी पडायला रजा कुठे मिळते?). इकडे नारळ, कोंबड्या व मी ठीक. राहिली तुमची बहीण तुळसा. तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

दोन वर्षांमागे थंडीत मासे धुताना तिची बोटे पांढरी, मग निळी पडू लागली. मी म्हटले, कामाचा कंटाळा. (हे माझे पहिले पाप.) पुढे चेहऱ्याची कातडी ताणून सुरकुत्या गेल्या. पंचेचाळिशीची बाई पंचविशीची दिसू लागली. शेजारची हौसाबाई रोज विचारी, कसले तेल लावतेस? मीही मनातून खूष होतो, सांगायची लाज वाटते. पण बोटे वाकडी होऊन टोकांना जखमा झाल्या, तेव्हा याच हौसाबाईने महारोग म्हणून गावभर केले. विहिरीवर आमची कळशी बघून बायका बाजूला होऊ लागल्या. गेले आठ महिने पाणी मीच भरतो.

शेवटी तिला घाटावर कोल्हापुरास नेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोटाला सुई टोचली.

"मेल्या, डोळे मिटूक सांगतस आणि सुई टोचतस?"

डॉक्टर हसले. महारोगात बहुधा टोचलेले कळत नाही म्हणे. बायकोच्या शिवीने इतका आनंद मला लग्नानंतर प्रथमच झाला. मग त्यांनी कातडीचा कपटा काढून तपासायला पाठवला, छातीला नळी लावली, आणि त्यांचे हसणे थांबले. रोगाचे नाव स्क्लेरोडर्मा. कातडी आवळत जाते, दुसऱ्याला लागत नाही. मला एकट्याला बाहेर नेऊन म्हणाले, फुप्फुसेही धरली आहेत, बरे करील असे औषध नाही. हात उबेत ठेवा, मऊ अन्न थोडे थोडे द्या, उशी उंच ठेवा. भाई, मी तिथल्या बाकावर बसून रडलो. तिला सांगितले, डोळ्यात कचरा गेला.

आता तिचे तोंड पुरते उघडत नाही. पेज लहान चमच्याने भरवतो. (भांडण्यापुरते उघडते.)

आपला,
गुरुदास

ता. क. लोकरीचे हातमोजे पोस्टाने पाठवावेत. मालवणात मागितले, तर दुकानदाराने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ता. क. दुसरा. मागच्या दोन भाऊबिजांना आपल्याला रजा मिळाली नाही. यंदा जमल्यास बघावे. आग्रह नाही.

ता. क. तिसरा. पत्र तिला वाचून दाखवले, फुप्फुसांचे वाक्य गाळून. ऐकून म्हणाली, "छातीचा लिवलंस मां? नायतर भाई पुढल्या वर्सा येतंय म्हणान बसतलो."

हातमोजे पोस्टाने पाठवू नका. घेऊन या.