घरी एकच भाषा

गुरुग्राम

आई,

"तुझ्या मराठीमुळेच उत्तरा बोलत नाही," असं सुनावून मी तुझे फोन बंद केले. शाळेने तिला बोलतं करण्यासाठी एक योजना आखली होती. "घर में एक ही भाषा रखिए," असं सोनम मॅडम म्हणाल्या. तुझा जावई जयदीप म्हणाला, "मग हिंदीच. इथे मराठीचं काय करायचंय?" मलाही पटलं.

गेल्या रविवारी मोबाइलवर तुझा फोटो दिसला आणि उत्तरा म्हणाली, "आजी." सहा वर्षांतला तिचा पहिला शब्द. मी लगेच म्हटलं, "आजी नहीं बेटा, नानी बोलो." तिने तोंड मिटून घेतलं.

आज मीटिंगमध्ये हे मी मॅडमना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेरा मतलब आपकी मराठी से था. आपने बच्ची को टोका क्यों?" जयदीप मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

घरी येऊन तुझा फोटो तिच्यासमोर धरला. म्हटलं, "आजी म्हण ना, राणी." तिने तळहात माझ्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

फोन केला तर तू आधी विचारशील, "बोलली का गं?" म्हणून फोन करत नाही. हे पत्रही पाठवणार नाही.

तुझी लेक,
माधवी