चमच्याचा आवाज

ताई,

दिलेला गालिचा का अंथरत नाही म्हणून कालही रागावलात. तोंडावर सांगायची हिंमत नाही आणि हे पत्रही माझ्याच्याने टाकवणार नाही.

तुमच्या भावाचा हात झोपेत दबून लुळा पडलेला नाही. मी बांधला होता. त्याला आवडतं, मलाही. दोघांच्या राजीखुशीचा खेळ. अहो, किती जपायचो! दोराखाली दोन बोटं जातील एवढी ढील, उशाशी कात्री. तोंडावर रुमाल असायचा, म्हणून मुठीत स्टीलचा चमचा. हाताला मुंग्या आल्या की त्याने तो सोडायचा, फरशीवर खणकन वाजला की मी दोर कापायचा. तरी थोडा धोका उरतोच, तो दोघांनी पत्करला होता.

त्या दिवशी खाली तुमचा नवा गालिचा होता. मी ठरल्याप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून, कान देऊन बसले होते. चमचा कधी पडला, कळलंच नाही.

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, ताई, आणि मनगट उचलत नाही. डॉक्टरांना खरं सांगू म्हटलं की मान फिरवतो.

आज जेवताना त्याने तोच चमचा मागितला. "धरून बघतो," म्हणाला. बोटं मिटलीच नाहीत.

उघड्या फरशीवर केवढ्यानं वाजला हो!

तुमची भावजय