दुष्टाची गाडी

२ डिसेंबर ७७, कारंजा
मुंबईचे सिनेमावाले आले. पोरांचा सिनेमा. दोन लोखंडी माणसं, एक भला, एक दुष्ट, दोघंही गाडीचे माणूस होतात अन् माणसाची गाडी. कोणाले कोणती गाडी द्यायची हे ठरवून रंगवाचं काम मले. टॉकीजचे बोर्ड रंगवून रंगवून हात झिजले, शेवटी कोणी विचारलं तरी. पत्रेवाला सलीम पत्र्याचे अंग करून देणार. युक्ती अशी, गाडी उभी, कॅमेरा बंद, गाडी हटवायची, त्याच जागी त्याच रंगाचा पत्र्याचा माणूस. पडद्यावर गाडीच उठून उभी राहते म्हणे.

४ डिसें.
भल्याले ट्रॅक्टर. वाद नाई. दुष्टाचं जमेना. ट्रक म्हटलं, रोडरोलर म्हटलं, डायरेक्टर साहेब मान हलवत राह्यले. "जिला बघून माणसं पळतात अशी गाडी सांगा. खरोखर पळतात अशी."
तोंडून निघून गेलं, आणीबाणीतली नसबंदीची जीप.
साहेबानं पाठ थोपटली. लय बरं वाटलं. बरं वाटलं हे खरं, म्हणून लिहून ठेवतो.

६ डिसें.
सकाळी विहारात वंदना, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती. दुपारी जीपवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण काढला. रेघ एकदम सरळ आली.
सलीम पत्रा कापता कापता म्हणे, "सुदाम, ये मत कर."
म्हटलं, ते सरकार गेलं आता. चौकात लोक तेच किस्से सांगून हसून राह्यले.
"हसते वो हैं, जिनको पकडा नहीं."
ब्रश धुतला.

७ डिसें.
शूटिंगले गाव पाहिजे. धनज मीच सुचवलं. ताईचं सासर, चहापाण्याची सोय. गावाले आधी सांगू का, विचारलं. साहेब म्हणे, "सांगितलं तर खोटं पळतील." भाटव्यायची, ताईच्या नवऱ्याची, आठवण आली होती, नाई असं नाई. मागच्या साली बाजारातून येता येता उचललं होतं त्यायले जीपमधी. लग्नाले वर्षही झालं नव्हतं. ताईची कूस रिकामीच राह्यली.
तरी गप बसलो.

९ डिसें., धनज
झालं. जीप शिवारात शिरली अन् कापूस वेचणारे बाया-गडी वेचा टाकून तुरीत घुसले. एकच माणूस पळाला नाई. भाटवे. बांधावर उभे होते. जीप जवळ आली तसे खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर. साहेब हळूच कॅमेरावाल्याले म्हणे, "सोडू नका, घ्या, घ्या."
मग पत्र्याचा माणूस उभा राह्यला. तुरीतून लोक बाहेर आले, हसले. "अगा, हे तं पेंटरचं सोंग हाय!" भाटवे उठले, धोतराची माती झटकली, घरी गेले. माह्याकडं पाह्यलं नाई. का त्यायनं पाह्यलं अन् मीच मान खाली घातली, सांगता येत नाई.
ताई स्वयंपाकात होती, तिनं काहीच पाह्यलं नाई. सगळ्यायले वाढलं. मले दोनदा पिठलं वाढलं.

१३ डिसें.
साहेबाले म्हटलं, भाटव्यायचा तेवढा तुकडा काढा.
"तो चेहरा? अहो, तोच तर सिनेमा आहे."
स्वतःची लाज वाटते. जीप माही, रेघ माही, गाव माह्या बहिणीचं.

१९ डिसें.
ताई बाजाराले आली होती, दुकानात टेकली.
"हे धड जेवत नाईत रे. शेतात जायचं नाव काढत नाईत. ते गाडी कोनं निवडली होती?"
म्हटलं, मुंबईवाल्यायनं.
"मंग बरं. ह्यायच्या मनात बसलं, तूच निवडली. मी म्हनलं, माहा भाऊ असं करनार नाई."
जातानी मले बोरं देऊन गेली. खाल्ली नाई.

२१ डिसें.
सलीमले सगळं सांगितलं, ताईशी खोटं बोललो तेही. शिव्या घालील वाटलं होतं. म्हणे, "मेरे को क्या बताता है? धनज जा."

२२ डिसें., धनज, यष्टी थांबा
आलो. भाटवे अंगणात बाजेवर. "ये सुदाम, बस." आवाज नेहमीसारखाच. तांब्या पुढं केला. तेवढ्यात ताई बाहेर आली. "बरा आला. आता सांग ह्यायले तुह्याच तोंडानं, गाडी मुंबईवाल्यायनं निवडली म्हनून. माहं आयकतच नाईत."
भाटवे माह्याकडं पाहून राह्यले. राग नव्हता. वाट पाहत होते, मी काय म्हणतो त्याची.
मी पाणी प्यालो. म्हटलं, यष्टीची वेळ झाली, अन् निघून आलो.
कारंजाची यष्टी येऊन गेली. मी चढलो नाई. इथून त्यायचं अंगण दिसते. भाटवे अजून बाजेवरच हायेत. ताईनं माहा तांब्या उचलून आत नेला.