आकडा उडतोय

सोमवार
नवी नोकरी, नवं टेबल, आणि टेबलाचा खण चक्क न अडकता उघडतो. रंग दिलेले लोखंडी भाग भाजायची मोठी भट्टी आहे, माणूस सहज आत शिरेल एवढी. आत तापमान मोजणारी दांडी, बाहेर पॅनलवर आकडा दाखवणारा कंट्रोलर, आणि हे सगळं नीट चालवायला मी. भट्टीत गाडे लावतो तो माझा मेव्हणा. नोकरी त्यानेच मिळवून दिली आणि ते उठता-बसता ऐकवतो. बायको खूश आहे. मीही आहे.

मंगळवार
थंड भट्टीत तीस दाखवायचं तिथे आकडा मधूनच शंभरावर उडतो. मेव्हण्याला आत जाऊन दांडीला हात लावायला सांगितलं. त्याने लावला की आकडा उडायचा, काढला की जागेवर. म्हणजे अर्थिंग गेलेलं. पाहिलं तर वायरच कापलेली. कुणी कापली, ते सगळ्यांना विचारत फिरलो. साहेबांनी कापायला लावली, असं शेवटी कळलं. हीटरमधून करंट गळायचा, त्यामुळे सारखं ट्रिप होऊन काम थांबायचं, म्हणून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! या साहेबांना कामगार 'आत्ताच' म्हणतात, कारण त्यांना सगळं आत्ताच हवं असतं.

बुधवार
हीटर बदलला, अर्थिंग जोडलं. मेव्हण्याने दांडी घट्ट धरली तरी आकडा ढिम्म. छाती फुगवून निघणार, तेवढ्यात रिकाम्या भट्टीचं दार लागलं आणि आकडा उडाला. खाली आला. पुन्हा उडाला. कुणी हात लावावा आणि काढावा, अगदी तसा.

गुरुवार
दांडी बदलली, वायरी बदलल्या. तेच. डोकं फिरायची वेळ आली. जेवणाच्या सुट्टीत वेल्डरकाका शेजारी येऊन बसले आणि हळूच बोलले. माझ्या आधीचा टेक्निशियन दांडी पुसायला आत गेला होता. न बघता दार लावून भट्टी सुरू झाली. तो दांडीला हात लावत राहिला, बाहेर आकडा उडत राहिला, आणि 'आत्ताच'साहेब म्हणाले, "अर्थिंगचा दोष आहे, चालू द्या."
मला याच साहेबांनी सांगितलं होतं, त्याने नोकरी सोडली. हलकट माणूस.

शुक्रवार
भट्टी चालवायची नाही, असं आत्ताचना तोंडावर सांगितलं. ते हसले. मेव्हणा माझ्यावरच उखडला. "दाजी, माझ्या पोटावर का उठलाय?" बायकोने त्याला रडून सांगितलं, तरी उद्या जाणारच म्हणतो. संतापाने मला जेवण गेलं नाही.

शनिवार
मी स्टोअरमध्ये होतो. तेवढ्यात भट्टी सुरू केली. मेव्हणा आत गाडा लावत होता, कुणी बघितलंच नाही — पुन्हा. धावत येऊन हीटर बंद केले. तो जिवंत आहे, आतून लाथा मारतोय. आकडा साठाखाली गेल्याशिवाय दाराचं कुलूप सुटत नाही. साठापर्यंत येतो — आणि उडतो. वेल्डरकाका कुलूप कापतायत. मला आकड्यावर नजर ठेवायला बसवलंय. हातात पेन आहे म्हणून, नाहीतर आत्ताचचा गळा धरला असता. मागे उभं राहून म्हणतात, अर्थिंग तपासा —

एकसष्ट. उडाला.
आत जो कोण आहे त्याला ओरडून सांगितलं, तुला मारणारा इथे बाहेर उभा आहे. त्याला धर. माझ्या माणसाला सोड —

लाथा थांबल्या. बायकोला काय सांगू —

दांडीच्या वायरी उपटल्या. कंट्रोलरच्या इनपुटला नुसता तारेचा तुकडा जोडला. आता भट्टीतलं काहीच पोचणार नाही, फक्त खोलीचं तापमान दिसायला हवं, तीसच्या आसपास. कुलूप सुटायलाच हवं — दांडीच्या दोन्ही वायरी माझ्या डाव्या हातात आहेत, सुट्या — आकडा एकशे —