बाबांच्या खोपीसमोरचे पेअर

१४ एप्रिल २०१९
बाबांचा खुब्याचा सांधा बदलला. टेकडीवरच्या शिकारीच्या मचाणावर चढणं संपलं. म्हणजे आता हरणानेच खाली आलं पाहिजे. घरामागच्या शिकारीला दबा धरायच्या खोपीसमोर हरणांसाठी फळझाडं लावायचं ठरवलं. बाबांना हरणाचा अजून एक मोठा नर मिळवून द्यायचा. हे त्यांच्यासाठी आहे, की मला त्यांची शाबासकी हवीय? बराच विचार केला. त्यांच्यासाठीच आहे.

२० एप्रिल
सफरचंद बाद. ते सप्टेंबरात गळतं, बंदुकीने शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात. पर्सिमनचं फळझाडही बाद. आमच्या विस्कॉन्सिनची थंडी त्याला सोसत नाही. उशिरा गळणारा पेअर घेतला. फळ चार वर्षांनी. बाबा म्हणाले, लेका, माझा डॉक्टरसुद्धा इतकं लांबचं बोलत नाही.

३ जून
हरणांनी कोवळे शेंडे खाल्ले. म्हणजे जात त्यांना पसंत आहे. झाडांभोवती जाळी लावली. माझ्या बायकोने, डार्लीनने विचारलं, हरणं यावीत म्हणून झाडं, आणि येऊ नयेत म्हणून जाळी? समजावून सांगितलं. तिचं हसणं थांबलं की पुन्हा सांगेन.

मार्च २०२१
जाळीबाहेर आलेल्या फांद्या हरणं खातात. खालच्या सगळ्या छाटल्या. झाडं आता उंच, डौलदार.

१० नोव्हेंबर २०२३
फळं लगडली आहेत. एकही गळत नाही. जाळी काढली, पण हरणांची तोंडं पोचत नाहीत. झाड हलवावं का? आमच्या काउंटीत हरणांना आमिष टाकायला बंदी. आपोआप गळलेलं चालतं. शेजारचा वेंडेल म्हणाला, अरे बाबा, खोडाला टेकून एकदा शिंक की. पण शिंकेमागे हेतू असला तर? नाही टेकलो.

१८ नोव्हेंबर, हंगामाचा पहिला दिवस
पहाटेपासून मी आणि बाबा खोपीत. वारा नाही. बाबांनी बाहेर जाऊन काठीने दोन पेअर पाडले आणि आत आणले. मी हरकत घेतली. म्हणाले, गप रे, हरणासाठी नाहीत, मला भूक लागलीय. 
तेवढ्यात नर आला. एवढा मोठा या जमिनीवर मी पाहिला नव्हता. झाडाखाली उभा राहून वर फळांकडे बघत होता. मी बाबांच्या कोपराला हात लावला. नेमका तेव्हाच त्यांनी पेअरचा चावा घेतला. टिकाऊ जात, कडक फळ. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. नर रानात पसार.
बाबा शांतपणे चावत राहिले. मग म्हणाले, पेअर चांगला आहे.
माझी निवड बरोबर होती.